कबड्डीचे वेळापत्रक आणि आपला हंगाम



आपल्या या अंकात उसाच्या जाती, खतांच्या मात्रा, ठिबकचे अनुदान आणि तोडणीचा कार्यक्रम हे विषय नेहमीचेच. यावेळी त्यांच्या जोडीला एक वेगळा विषय घेत आहोत. विषय खेळाचा आहे, पण वाचता वाचता तो आपल्याच बांधावर येऊन थांबतो असे सभासदांना दिसून येईल.

सन २०२५ साली गणपती बसले २७ ऑगस्टला, बुधवारी. त्याच आठवड्यात शुक्रवारी, २९ ऑगस्टला, प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम सुरू झाला. सामने रात्री आठला आणि नऊला. म्हणजे आरती आटोपून प्रसाद वाटून झाला की मंडळाच्या पोरांना मांडवात दुसरे कामच उरले नाही. कळवण-अभोण्यापासून कनाशीपर्यंत ज्या ज्या मांडवात चार पोरे जमली, तिथे मोबाईलवर एकच कागद फिरत होता, तो म्हणजे पहिल्या आठवड्याच्या सामन्यांचे वेळापत्रक. सामने सुरू व्हायच्या आधीच त्यावर जी वादावादी झाली, ती ऐकण्यासारखी होती. आपल्याकडे तोडणीचा कार्यक्रम लागला की गट ऑफिसच्या ओट्यावर जी चर्चा चालते, तिच्याच जातीची ती होती.

पहिल्याच दिवशी धर्मसंकट

पहिला सामना होता तेलुगु टायटन्स आणि तमिळ थलायवाज यांचा. सामने विशाखापट्टणमला, तेव्हा यजमानांना पहिला मान मिळाला. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. खरा वाद पेटला तो दुसऱ्या सामन्यावरून. बेंगळुरू बुल्स विरुद्ध पुणेरी पलटण.

आता यात वाद कसला, असे कोणी म्हणेल. पुणे आपल्या राज्याचे, मग आपण पुण्याचेच. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे, ज्याने कैक वर्षे पुण्याच्या बाजूने चढाया केल्या, तो त्या वर्षीच्या लिलावात बेंगळुरूकडे गेला होता. आणि पुण्याचा कर्णधार होता शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हे दोघे २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात एकत्र होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हाही दोघे एकाच बाजूला होते. आणि वेळापत्रकाने पहिल्याच रात्री त्यांना समोरासमोर उभे केले.

"आपला पोरगा तिकडं गेला तर आपणही तिकडंच," असे एकाचे म्हणणे. "असं कसं? पोरगी दिली म्हणजे माहेर सुटतं का? पुणं ते पुणं," असे दुसऱ्याचे. एक वयस्कर सभासद शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "अरे लेको, तुमच्या मनात दोन्ही आहेत तर दोघंही चांगलं खेळोत म्हणा. गणपतीसमोर बसलात, मागायला काय जातं?" आणि झालेही जवळजवळ तसेच. सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि त्या वर्षी आणलेल्या नव्या नियमानुसार दोन्ही बाजूंना पाच-पाच चढाया देऊन निकाल लावला गेला. त्यात पुण्याने बाजी मारली.

दुसऱ्या दिवशी, ३० ऑगस्टला, यू मुंबाची गाठ गुजरात जायंट्सशी होती. इथे चर्चा होती ती इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईची. हा गडी २०२३-२४ मध्ये पुण्याकडे होता, पुणे जिंकले. २०२४ मध्ये हरियाणाकडे गेला, हरियाणा जिंकले. २०२५ च्या लिलावात गुजरातने त्याला २ कोटी २३ लाख रुपयांना घेतले. "याचा पायगुणच चांगला," असे एका बाजूचे मत, तर "एका गड्यानं लोण चढत नाही, सात लागतात," असे दुसऱ्या बाजूचे. मुंबईच्या चाहत्यांची कुरकुर वेगळी होती. पहिल्याच सामन्यात असला तगडा बचावपटू अंगावर यावा, हे त्यांना पटेना. आधी एखादा हलका संघ मिळून अंग मोकळे व्हायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे.

वेळापत्रकाचे एवढे महत्त्व का?

खेळ न पाहणाऱ्या सभासदांना वाटेल, की सगळ्यांना सगळ्यांशी खेळायचेच आहे, मग आज काय आणि उद्या काय? पण हाच प्रश्न आपण तोडणीला लावून पाहावा. सगळ्यांचा ऊस कारखान्याला जायचाच आहे, मग आधी काय आणि नंतर काय? असे चिटबॉयने आपल्याला म्हटले तर आपण त्याला बांधावर उभा करू का? आडसालीचा ऊस भरला की वेळेत तुटला पाहिजे, नाहीतर तुरे येतात, पोकळ पडतो, वजन घटते. उशिरा तुटला तर खोडवा मागे पडतो. म्हणून तर लागणीच्या तारखेप्रमाणे आणि जातीप्रमाणे नोंद होते आणि त्या नोंदीने टोळी येते. क्रम हाच निम्मा पैसा आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

खेळातही तसेच आहे. तीन गोष्टी क्रमावर ठरतात.

एक, विश्रांती. कबड्डीत अंग अंगाला भिडते. चाळीस मिनिटांचा सामना आणि प्रत्येक चढाई तीस सेकंदांची, त्यात गुडघे, घोटे आणि खांदे यांची परीक्षा होते. एका संघाला लागोपाठच्या दिवशी दोन सामने आणि समोरच्याला तीन दिवसांची विश्रांती असेल, तर निम्मा सामना मॅटवर उतरण्याआधीच ठरतो.

दोन, गुण. आधीच्या हंगामांत जिंकणाऱ्याला पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण मिळत असे. २०२५ मध्ये हे बदलले. जिंकला तर दोन, हरला तर भोपळा. थोडक्यात हरल्याचा जो पदरचा गुण असे तो गेला. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन सामने हातचे गेले तर ते भरून काढायला पुढे पळापळ करावी लागते.

तीन, सामन्यांची संख्या. आधीच्या दोन हंगामांत बारा संघ एकमेकांशी दोनदा खेळत. प्रत्येकाचे २२ सामने आणि एकूण १३२. २०२५ मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला साखळीतले १८ सामने आले, एकूण १०८. आता हिशोब करा. समोर अकरा संघ आहेत. सगळ्यांशी एकेकदा खेळायचे तर ११ सामने झाले, उरले सात. म्हणजे काही संघांशी दोनदा गाठ आणि काहींशी एकदाच. कोणाच्या वाट्याला बलवान संघ दोनदा आले आणि कोणाच्या वाट्याला कमजोर, हे पाहायला पोरे वही-पेन घेऊन बसली होती. शाळेत गणिताला कंटाळणारी हीच पोरे, पण इथे चूक काढायची म्हटल्यावर हिशोब चोख!

हे दोनदा खेळणे आले कुठून?

घरच्या मैदानावर एकदा आणि समोरच्याच्या मैदानावर एकदा, ही पद्धत मूळची विलायतेतल्या फुटबॉलची. सन १८८८ पूर्वी तिथल्या क्लबांचे सामने ठरल्याप्रमाणे होतीलच याची शाश्वती नसे. कोणी दुसऱ्या स्पर्धेत अडकले की ठरलेला सामना रद्द होई, आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक हात हलवत परत जात. तेव्हा विल्यम मॅकग्रेगर नावाच्या एका दुकानदाराने सुचवले, की काही क्लबांनी एकत्र यावे आणि वर्षभराचे सामने आधीच ठरवून ते पाळावेत. ८ सप्टेंबर १८८८ रोजी ती पहिली साखळी सुरू झाली. त्यात बारा क्लब होते आणि प्रत्येकाचे २२ सामने. आपल्या कबड्डीच्या २०२३-२४ आणि २०२४ च्या हंगामांतला आकडा आणि हा आकडा अगदी एकच आहे, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी.

आज इंग्लंडच्या वरच्या साखळीत वीस संघ आणि ३८० सामने असतात. एकाच शहरातले दोन संघ एकाच दिवशी घरच्या मैदानावर खेळू नयेत, कारण गर्दी आणि पोलीस बंदोबस्त पेलवत नाही, असा विचार करून वेळापत्रक बांधतात. ते जाहीर झाले की चाहते आधी काय पाहतात? पहिल्या आठवड्यात कोण, आणि घरी की बाहेर. आपल्या मांडवातली चर्चा त्याहून वेगळी नव्हती.

उलट वेळापत्रकच लागले नाही तर काय होते, हेही आपल्याच देशात पाहायला मिळाले. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम व्यापारी हक्कांच्या करारावरून रखडला आणि २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबणीवर पडला. मुंबई सिटीसारख्या विजेत्या संघालाही महिनोन्‌महिने आपला पहिला सामना कधी हे सांगता येईना. खेळाडू तयार, मैदान तयार, पण तारीख नाही. ऊस पिकून उभा आणि टोळीचा पत्ता नाही, अशा शेतकऱ्याला ही अवस्था चटकन समजेल.

घरचा आहेर कुठे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पहिल्या आठवड्यावर पोरांनी पुष्कळ चर्चा केली, पण सगळ्यात मोठी खंत होती ती संपूर्ण कार्यक्रमाबद्दल. २९ ऑगस्टपासून विशाखापट्टणम, सप्टेंबरात जयपूर, महिनाअखेरीस चेन्नई आणि शेवटी दिल्ली. चार शहरे झाली, पण त्यांत महाराष्ट्रातले एकही नव्हते. बारा संघांत मुंबई आणि पुणे असे दोन संघ आपले, पण २०२५ च्या हंगामात एकाही सामन्यासाठी कबड्डीची मॅट महाराष्ट्रात अंथरली गेली नाही.

ही लीग सुरूच मुळी मुंबईत झाली. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात पहिला सामना झाला, तो यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांचा. मुंबईने तो ४५-३१ असा जिंकला. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, मुंबईने विजेतेपदही मिळवले. डिसेंबर २०२४ मधला अंतिम सामना पुण्यात बालेवाडीला झाला होता. आणि त्यानंतरच्या हंगामात काहीच नाही, हे चाहत्यांना बोचले तर त्यात नवल नाही.

आणि खेळाचा इतिहास पाहिला तर ही बोच अधिकच खोल जाते. ज्याला आपले वाडवडील हुतूतू म्हणत, त्या खेळाला लिखित नियमांत बसवण्याचे काम महाराष्ट्राच्या आणि बडोद्याच्या आखाड्यांत झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी तो जगाला दाखवला. या खेळासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी आपलेच. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९७२ सालचा कबड्डीचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना. १९९० मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत कबड्डीचे पहिले सुवर्ण भारताने जिंकले, त्या संघातही महाराष्ट्राचे गडी होते. ज्या घरात पाळणा हलला, त्याच घराला बारशाचे आमंत्रण नसावे, अशातला हा प्रकार झाला.

अर्थात दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्याच एका तरुण सभासदाने मांडली. तो म्हणाला, "पुण्याला सामने असते तरी आपल्यातले किती जण गेले असते? जाणं-येणं, मुक्काम, तिकीट. दोन पोती खताचे पैसे जातात. आपल्याला चेन्नई काय आणि पुणं काय, मोबाईलवरच बघायचं." त्याचे बोलणे खोटे नाही. शहरोशहरी तळ हलवायचा तर खर्च फार. सगळे संघ, पंच आणि कॅमेरे घेऊन बारा गावे फिरण्यापेक्षा चार ठिकाणी मुक्काम केला की खेळाडूंचा प्रवासही वाचतो. कोरोनाच्या काळात, डिसेंबर २०२१ पासून, सगळा हंगाम एकट्या बेंगळुरूत झालाच होता, तोही प्रेक्षकांविना.

पण त्याला उत्तर देणाऱ्याचेही ऐकण्यासारखे होते. तो म्हणाला, "आपण दहा जण गेलो नसतो, पण शाळेचा एक सर वीस पोरं घेऊन गेला असता. त्यातल्या एकानं जरी समोरून चढाई बघितली असती तर त्याचं पुढचं आयुष्य बदललं असतं." आम्हाला हे म्हणणे जास्त पटते. आणि सामने केवळ मोठ्या शहरांतच व्हावेत असा काही दंडक नाही. २०१७ मध्ये बेंगळुरूच्या संघाने आपले घरचे सामने नागपूरला खेळले होते. नागपूरला होऊ शकते तर उद्या नाशिकला का होऊ नये? नाशिकला असेल तर कळवणहून सकाळी दूध घालून निघालेला माणूस रात्री उशिरा का होईना, घरी परत येतो. ही मागणी जिल्ह्यातल्या क्रीडाप्रेमींनी एका सुराने करण्यासारखी आहे.

त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम

वेळापत्रकाचा आणखी एक पैलू थेट आपल्या कामाशी जोडलेला आहे. लीगचा हंगाम दरवर्षी सरकत असतो. दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४ असा चालला, म्हणजे ऐन गाळपात. तोडणी, वाहतूक, काट्यावरच्या रांगा, कांद्याची लागवड आणि रात्रीचे पाणी या सगळ्या धबडग्यात सामने. अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ असा झाला. त्या वर्षी राज्यात गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून होती, म्हणजे निम्मा आधी आणि निम्मा गाळपात.

बारावा हंगाम मात्र आपल्या सोयीचा पडला. २९ ऑगस्टला सुरू झाला तेव्हा खरिपाची पिके उभी, मका निसवलेला, पावसामुळे पाण्याच्या पाळ्या नाहीत. अंतिम सामना झाला ३१ ऑक्टोबरच्या रात्री. दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे हरवले, पुण्याचे चाहते हिरमुसले, आणि दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्याचा गाळप हंगाम सुरू झाला. इतके चपखल जुळवायचे म्हटले असते तरी जुळले नसते. "पुण्याची हार विसरायला एक रात्र पण नाही मिळाली, सकाळी टोळीचा मुकादम दारात," असे एका सभासदाने सांगितले.

ज्या वर्षी सामने गाळपात येतील, त्या वर्षी मात्र एका गोष्टीची काळजी घ्यावी. ज्या फिडरवर अजून शेतीपंपांना रात्रीची पाळी आहे, तिथे दारे धरायला गेलेला माणूस एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात मोबाईल अशा थाटात उसात उभा असतो. डोळे पडद्याच्या उजेडावर गेले की भोवतीचा अंधार अधिकच दाट दिसतो. आपल्या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर आहे, साप-विंचू तर नेहमीचेच. शेवटच्या चढाईला काय झाले हे सकाळीही कळते. उसात असताना मोबाईल खिशात आणि बॅटरी हातात, हा नियम प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी घालून द्यावा. घरधनिणींनीही तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवावे.

खिशाला लागलेली गळती

पहिल्या आठवड्याच्या चर्चेत एक विषय दबक्या आवाजात चालला होता. तो मोकळेपणाने मांडणे आम्हाला आवश्यक वाटते. गेली काही वर्षे वेळापत्रक लागले की पोरे दोन गटांत वाटली जात. एक खेळ पाहणारी आणि दुसरी मोबाईलवर पैसे लावून आपापला संघ तयार करणारी. एकोणपन्नास रुपयांत लाखोंचे बक्षीस, अशा जाहिराती प्रत्येक सामन्याआधी येत. एकोणपन्नासचे पाचशे होतात, पाचशेचे पाच हजार. त्या हिशोबात कुठे कांद्याची पट्टी जाते, कुठे ॲडव्हान्स जातो, आणि घरात कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. म्हणजे कबड्डीचा पडदा उघडण्याच्या बरोबर एक आठवडा आधी. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ लगोलग बंद केले. त्यामुळे त्या वर्षी मांडवातली चर्चा पुन्हा खेळावर आली, हे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले. कोण डाव्या कोपऱ्यात उभा राहणार, कोणाची बोनसची चढाई चांगली, तीन गडी उरल्यावर अव्वल पकड कोण करील, हे बोलणे परत सुरू झाले. तरीही चोरवाटा असतातच. परदेशी ॲप, ओळखीचा माणूस, गावातलाच कोणी आकडे घेणारा. यात कायद्याने एक दार बंद केले, उरलेली दारे आपल्याला घरातूनच बंद करावी लागतील. उधारीवर खेळणाऱ्या पोराला रागावून उपयोग नाही. किती गेले हे त्याच्याकडून समजून घ्या आणि सावकाराच्या हाती पडण्याआधी त्याला सोडवा.

आपल्या पोरा-पोरींनी काय करावे?

लीगमुळे एक चांगले झाले. पूर्वी कबड्डीपटूला फार तर रेल्वेत, बँकेत किंवा पोलिसांत नोकरी मिळे. आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना जातो. हे सगळ्यांना मिळेल असे कोणी मानू नये. हजारांत एखादा तिथवर पोचतो, आणि पोचलेल्याचा गुडघाही एका पकडीत जाऊ शकतो. म्हणून शिक्षण सोडून मैदानावर जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. पण शिकता शिकता खेळणाऱ्याला आता पुढे वाट आहे, एवढे खरे.

मुलींच्या बाबतीत मात्र वेळापत्रक अजून कोरेच म्हणावे लागेल. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती, ती तेवढ्यावरच राहिली. आणि पोरींनी कमी केले आहे असेही नाही. हांगझोऊच्या अंतिम सामन्यात त्यांनी चायनीज तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून सुवर्ण आणले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषकही जिंकला. आपल्या भागातल्या शाळा-आश्रमशाळांतल्या पोरी मातीत उतरल्या की मुलांना भारी पडतात, हे पंच म्हणून उभे राहिलेले गुरुजी सांगतात. त्यांच्या लीगची मागणी होईल तेव्हा आपला आवाज त्यात असावा.

गावपातळीवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. यात्रेच्या आणि जयंतीच्या निमित्ताने आपल्याकडे कबड्डीचे सामने होतात. त्यांचे वेळापत्रक बहुधा ऐनवेळी ठरते. सोळा संघांची नावे येतात, रात्री दोनपर्यंत सामने चालतात, आणि ज्यांनी आठला एक सामना खेळला त्यांनाच बाराला दुसरा आणि दीडला तिसरा खेळावा लागतो. मग दुखापती होतात, भांडणे होतात, आणि पंचांना दोष दिला जातो. मोठ्या लीगच्या वेळापत्रकातल्या चुका आपण बारकाईने काढतो, तोच बारकावा गावच्या सामन्यांना लावावा. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढाव्यात, क्रम फळ्यावर लिहावा, एका संघाला दोन सामन्यांमध्ये पुरेशी उसंत द्यावी, आणि शक्य तर स्पर्धा गाळप व कांदा काढणीच्या दिवसांत ठेवू नये. नियम आधी सांगितला की हरलेलाही हात मिळवून जातो. तोडणीच्या यादीचा आपला अनुभव तोच सांगतो. उशिरा नंबर लागला म्हणून माणूस जेवढा चिडतो, त्याच्या दुप्पट चिडतो तो मागच्याचा नंबर पुढे गेला म्हणून.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले की ज्या गट ऑफिसात तोडणीचा कार्यक्रम लावतात, तिथेच शेजारी मुंबई आणि पुण्याच्या सामन्यांच्या तारखाही लावाव्यात, अशी काही तरुण सभासदांची सूचना आहे. खर्च कागदाचा आणि चार टाचण्यांचा. सूचना आम्हाला पसंत आहे. फक्त त्या कागदाखाली एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी, की रात्रीच्या पाण्याची पाळी असेल त्या दिवशी सामना घरीच पाहावा, उसात नाही.